मराठी शाळेतून कॉलेजच्या जीवशास्त्राकडे : लेक्चर, लॅब आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागांतून साधारण सारखेच प्रश्न येऊ लागतात. काही मुलं विचारतात, काही पालक. पदवीला गेलेली मुलंही अधूनमधून एखादी अवघड शंका घेऊन येतात. मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले आणि पुढे बरीच वर्षं पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) आणि पदवीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे पुढे.

१. एसएसएलसी मराठी माध्यमातून झाली. पीयू सायन्सचं बायॉलॉजी झेपेल का?

झेपेल. पहिले तीन-चार महिने मात्र जड जातात. हे आधीच सांगते, म्हणजे दिवाळीच्या आत धीर सुटणार नाही. पीयू सायन्स आपल्या भागात इंग्रजीतून शिकवतात आणि अभ्यासक्रम एनसीईआरटीचा असतो. पेशी, पर्णरंध्र, प्रकाशसंश्लेषण हे सगळं तुम्ही शाळेत शिकलेलंच असतं. तेच आता वेगळ्या नावानं समोर येतं आणि ओळख पटत नाही.

यासाठी मी प्रत्येक मुलाला तीन रकान्यांची वही करायला लावते. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड. सेल, पेशी, जीवकोश. फोटोसिंथेसिस, प्रकाशसंश्लेषण, द्युतिसंश्लेषणे. क्लोरोफिल, हरितद्रव्य, पत्रहरित्तु. हा शेवटचा शब्द बघा. ग्रीकमध्ये ‘क्लोरोस’ म्हणजे हिरवट आणि ‘फिलॉन’ म्हणजे पान. कन्नडमध्येही ‘पत्र’ आणि ‘हरित’ जोडूनच शब्द बनवला आहे. ‘स्टोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये तोंड, म्हणून पानाच्या त्या बारीक तोंडांना स्टोमाटा. असा शब्द फोडून पाहिला की पाठ करायचं ओझं निम्मं होतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनीही हे शब्द घरी कधी ऐकलेले नसतात, हे लक्षात ठेवा. ग्रीक आणि लॅटिन त्यांनाही तितकंच परकं आहे.

२. सर इंग्रजीत शिकवतात आणि मधेच कन्नडमध्ये समजावतात. मला दोन्ही अर्धंच कळतं. नोट्स कशा काढू?

उद्या जो धडा आहे त्यातले मथळे आणि आकृत्या आदल्या रात्री वीस मिनिटं बघून ठेवा. सगळा धडा वाचायची गरज नाही. वर्गात वहीच्या डाव्या पानावर फळ्यावरचे शब्द आणि आकृती उतरवा. उजवं पान तुमच्या मराठीसाठी मोकळं ठेवा आणि जे कळलं ते तिथे आपल्या भाषेत दोन ओळींत लिहा. उजवं पान रिकामं राहिलं, तर तेवढंच आपल्याला कळलेलं नाही हे त्याच संध्याकाळी दिसतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिसण्यापेक्षा ते बरं.

आणि विचारा. ‘सर, अदर अर्थ एनु?’ (सर, त्याचा अर्थ काय?) एवढं कन्नड पुरतं. लॅबमध्ये माझी जोडीदार सौंदत्तीकडची, कन्नड माध्यमातून आलेली मुलगी होती. इंग्रजीत आम्ही दोघी सारख्याच चाचपडत होतो. ती मला सरांचं कन्नड सांगायची, मी तिला माझ्या आकृत्या द्यायचे. दोन वर्षं तशीच निघाली आणि मला कन्नड आलं ते त्या बाकावर.

३. मला गणित नको आहे. पीसीएमबीच घ्यावं लागतं का?

आपल्याकडच्या बहुतेक पीयू कॉलेजांत जीवशास्त्र पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) या संचातच मिळतं, त्यामुळे गणित सोबत येतंच. गणिताऐवजी दुसरा विषय देणारी कॉलेजं थोडी आहेत. प्रवेशाआधी ऑफिसात चौकशी करा. पदवीला केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी म्हणजे सीबीझेड घेतलं की गणित सुटतं.

४. बायॉलॉजीला गुण कसे असतात?

पीयूच्या बोर्डाच्या परीक्षेत लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. प्रॅक्टिकलचे ३० हातचे आहेत असं समजून पुष्कळ मुलं लॅबकडे दुर्लक्ष करतात. पण लेखी पेपरातले आकृत्यांचे आणि प्रयोगांवरचे प्रश्नही लॅबमध्येच पक्के होतात. नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत, ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, १८० पैकी ९० प्रश्न. केसीईटीमध्ये, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत, जीवशास्त्राचा ६० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो आणि त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटमध्ये मात्र एक गुण कापतात.

५. पहिल्या प्रॅक्टिकलला काय काय आणायचं?

पांढरा एप्रन, जर्नल, एचबी पेन्सिल, चांगलं खोडरबर, पट्टी आणि एक छोटी पेटी. पेटीत दोन सुया, चिमटा, ब्लेड, बारीक ब्रश आणि ड्रॉपर असला की झालं. स्लाइड आणि कव्हरस्लिप बहुतेक कॉलेजं देतात. एक जुना धुतलेला सुती रुमाल ठेवा, लेन्स सोडून बाकी सगळं पुसायला. लेन्स फक्त लेन्सपेपरनेच पुसायची. मोठे केस बांधून या, ओढणी एप्रनच्या आत. स्पिरिटचा दिवा पेटलेला असतो.

आणि लॅबच्या अटेंडरकाकांशी नीट बोला. कोणता मायक्रोस्कोप डगमगतो, कोणत्या बाटलीतलं आयोडीन जुनं झालंय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

६. मायक्रोस्कोपमधून मला काहीच दिसत नाही. सगळे ‘दिसलं, दिसलं’ म्हणतात. माझे डोळे खराब आहेत का?

डोळे ठीक आहेत. पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाला काही दिसत नाही आणि त्यातली बरीच मुलं लाजून ‘दिसलं’ म्हणतात. क्रम असा ठेवा. आधी कमी शक्तीची, म्हणजे १० पटीची वस्तुलेन्स (स्लाइडजवळची लेन्स) खाली आणा. डोळा लावा आणि आरसा उजेडाकडे फिरवत राहा. सगळं वर्तुळ सारखं उजळलं पाहिजे. आपल्याकडे जुलैत आभाळ इतकं भरलेलं असतं की खिडकीचा उजेड पुरत नाही, तेव्हा टेबलावरचा दिवा मागून घ्या. मग स्लाइड ठेवा. बाजूने बघत लेन्स स्लाइडच्या अगदी जवळ न्या आणि आता डोळा लावून मोठा स्क्रू उलट फिरवत लेन्स हळूहळू वर घ्या. डोळा लावलेला असताना लेन्स खाली आणली तर स्लाइड फुटते आणि कधी कधी लेन्सही.

नेत्रिका (डोळा लावायची लेन्स) १० पटीची आणि वस्तुलेन्स १० पटीची असेल तर चित्र १०० पट मोठं दिसतं. ४० पटीची लेन्स लावली तर ४०० पट. जास्त पटीत उजेड कमी होतो आणि दिसणारा भागही छोटा होतो. म्हणून जे बघायचंय ते कमी शक्तीत अगदी मधोमध आणा आणि मगच लेन्स बदला. त्यानंतर फक्त बारीक स्क्रू.

जाड काळ्या कडेचं गोल गोल दिसलं तर तो हवेचा बुडबुडा आहे, पेशी नव्हे. काळ्या रेषा तुमच्या डोळ्याबरोबर हलत असतील तर त्या पापण्या आहेत. स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं, त्यानंही मुलं गोंधळतात. पहिल्या तासाला मी मराठी वर्तमानपत्रातून ‘क’ कापून स्लाइडवर ठेवायला सांगते. तो पूर्ण उलटा फिरलेला दिसतो, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. एकदा आपल्या ओळखीच्या अक्षराचं असं झालेलं पाहिलं की पुढे स्लाइड कुठे सरकवायची हे हाताला आपोआप कळतं.

७. जर्नलमधली आकृती पुस्तकातून उतरवली तर चालेल का? सगळेच उतरवतात.

नको. सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

पदवीच्या पहिल्या वर्षी कांद्याच्या मुळाचं पेशीविभाजन होतं. माझ्या स्लाइडमध्ये मला नीट काही सापडलं नव्हतं. मी पुस्तकातून चारही अवस्था सुबक उतरवल्या, सहीही मिळाली. परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी माझी स्लाइड मायक्रोस्कोपवर लावली, जर्नल शेजारी उघडलं आणि म्हणाल्या, ‘ही ॲनाफेज मला यात दाखव.’ मी दहा मिनिटं शोधत राहिले. ती तिथे नव्हती. त्या रागावल्या नाहीत. ‘मग जे आहे ते काढून दाखव’ एवढंच म्हणाल्या. मला तेही येईना, कारण वर्षभर मी स्लाइडकडे बघून रेष ओढलीच नव्हती.

खऱ्या स्लाइडमध्ये बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्या अवस्थेत असतात. गोल केंद्रक, बाकी शांत. त्यांच्यात मधून मधून दोऱ्याची गुंतवळ दिसते, ती प्रोफेज. मधोमध रांग लागलेली मेटाफेज आणि दोन्हीकडे ओढली जाणारी ॲनाफेज यांसाठी बराच शोध घ्यावा लागतो. कांद्यात १६ गुणसूत्रं असतात, पण ती एकमेकांवर पडलेली असल्यामुळे मोजता येतीलच असं नाही. एकच अवस्था सापडली तर तेवढीच काढा आणि खाली लिहा, ‘मेटाफेज या स्लाइडमध्ये दिसली नाही.’ चांगला परीक्षक या वाक्याला गुण देतो.

आकृतीचे नियम थोडकेच आहेत. पेन्सिलची एकसंध, बारीक रेष असावी. छटा देऊ नका, हवे तर ठिपके द्या. नावांच्या रेषा आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो सगळ्या उजवीकडे. शीर्षकाखाली किती पट मोठं पाहिलं ते लिहायला विसरू नका.

८. घरी कांदा पाण्यावर ठेवला, मुळंच येत नाहीत.

जुनी वाळलेली मुळं ब्लेडने खरवडून काढा. कांदा बाटलीच्या तोंडावर असा बसवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला. तीन ते सहा दिवसांत मुळं येतात. बाजारातला एखादा कांदा हट्टी निघतोच, म्हणून एकदम तीन ठेवा. टोकं सकाळी कापायची आणि लगेच एक भाग ॲसेटिक ॲसिड व तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकायची, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थांबतात. स्लाइडवर मूळ दाबताना अंगठा सरळ खाली दाबा. तिरपा दाबला तर पेशी एकावर एक चढतात.

९. आमच्या घरी जीवहत्या चालत नाही. बेडूक किंवा झुरळ चिरावं लागेल का?

निपाणी-चिकोडीकडच्या जैन कुटुंबांतून हा प्रश्न दरवर्षी येतो, लिंगायत घरांतूनही येतो. चिरावं लागणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं थांबवण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंदच करायला सांगितलं. आता तक्ते, प्रतिकृती, संगणकावरचं विच्छेदन आणि बरणीत ठेवलेले जुने नमुने यांवरून शिकवतात.

बरण्यांत फॉर्मॅलिन असतं. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि ती आरोग्याला वाईट. बरणी उघडायला लावली तर खिडकी उघडा, हातमोजे घाला. सांगायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

१०. रक्तगटाच्या प्रयोगात बोट टोचून घ्यायला भीती वाटते. टाळता येईल का? आणि निकाल कसा वाचायचा?

टाळता येतं, सरांना आधी सांगा. एका मुलाच्या रक्तावर गटातले चौघे निरीक्षण लिहू शकतात. टोचून घेणार असाल तर सुई नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असली पाहिजे आणि वापरून झाली की टाकून दिलेली. दुसऱ्याला टोचलेली सुई कधीही, कुणी सांगितलं तरी, घेऊ नका.

स्लाइडवर रक्ताचे तीन थेंब. पहिल्यात निळं अँटी-ए द्रावण, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात अँटी-डी. फक्त पहिल्यात गुठळ्या झाल्या तर ए, फक्त दुसऱ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, दोन्हींत नाही तर ओ. तिसऱ्यात झाल्या तर पॉझिटिव्ह. थेंब वाळू लागला की नुसतं रक्तही गुठळीसारखं दिसतं, म्हणून निकाल दोन-तीन मिनिटांच्या आत वाचा.

एक खरोखर अवघड अपवाद आहे. या चाचणीत ओ दिसणारी एखादी व्यक्ती प्रत्यक्षात ‘बॉम्बे’ रक्तगटाची असू शकते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा नोंदवला. अशा व्यक्तीच्या रक्तपेशींवर ए आणि बी ज्यावर तयार होतात तो पायाच, म्हणजे एच प्रतिजन, नसतो. त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. लॅबमधल्या तीन थेंबांत हे कळत नाही. म्हणून लॅबचा निकाल शिकण्यापुरता समजा आणि ओळखपत्रावर लिहायचा रक्तगट दवाखान्यात तपासून घ्या. आई-वडिलांच्या गटांशी निकाल जुळला नाही म्हणून घरी काही बोलू नका. आधी पुन्हा तपासा. बहुतेक वेळा थेंब वाळलेला असतो किंवा बाटल्यांची अदलाबदल झालेली असते.

११. मातीच्या प्रयोगाला दोन ठिकाणची माती आणायची आहे. कॉलेजच्या बागेतली आणि मैदानावरची चालेल ना?

चालेल, पण आपल्या जिल्ह्यात राहून तसं करणं म्हणजे पंक्तीतून उपाशी उठण्यासारखं आहे. एका जिल्ह्यात इतकी वेगळी माती फार थोड्यांच्या वाट्याला येते. वर्गात एक जण खानापूरकडचा आणि एक जण सौंदत्ती, गोकाक किंवा अथणीकडचा असतोच. दोघांनी गावाहून पाव-पाव किलो माती आणावी.

खानापूरच्या घाटाकडची तांबडी माती जांभ्याची. शेकडो इंच पावसानं तिच्यातले विरघळणारे क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, म्हणून ती तांबडी आणि म्हणूनच आम्लधर्मी. तिचा पीएच सातच्या खाली येतो. पूर्वेकडची काळी माती चिकणमातीनं भरलेली. तिकडे पाऊस कमी, त्यामुळे चुना टिकून राहतो आणि पीएच बहुधा सातच्या वर जातो.

पाणी धरून ठेवण्याची क्षमता काढायला माती वाळवून, कुटून, चाळून घ्या. बुडाला भोकं असलेल्या डबीत गाळणकागद घालून डबीचं वजन करा, मग माती भरून करा. डबी रात्रभर उथळ पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी निथळू द्या, बाहेरून पुसा आणि पुन्हा वजन करा. कोरडी माती ५० ग्रॅम होती आणि भिजून ७० झाली, तर २० ग्रॅम पाणी, म्हणजे ४० टक्के. गाळणकागदानं प्यालेलं पाणी वजा करायला विसरू नका. काळी माती तांबडीपेक्षा स्पष्ट जास्त पाणी धरते आणि भिजून फुगलेलीही दिसते. उन्हाळ्यात तिकडच्या शेतांना पडणाऱ्या भेगांचं कारण तुम्हाला इथे डबीत सापडतं. घरी शेती असेल तर हे आकडे वडिलांना दाखवा. त्यांना माहीत असलेलीच गोष्ट तुम्ही मोजलेली असते आणि त्यावर घरात फार चांगलं बोलणं होतं.

१२. सोलॅनेसी कुल लक्षात राहत नाही. फुलं कुठली बघू?

सगळी घराभोवतीच आहेत. वांगं, टोमॅटो, बटाटा, संकेश्वरची मिरची, रानातला धोतरा आणि निपाणीची तंबाखू. पाच निदलं, पाच पाकळ्या जुळलेल्या, पाच पुंकेसर पाकळ्यांना चिकटलेले, बीजाशय वर आणि त्यातला पडदा तिरपा. वांग्याच्या देठाशी जी हिरवी टोपी असते ती फुलाचीच निदलं, फळ झालं तरी न गळलेली. आईनं वांगी चिरायला घेतली की आधी एक मागून घ्या. तंबाखूचं फूल शेतात सहसा दिसत नाही, कारण पानं पोसावीत म्हणून शेंडा खुडतात. बांधावर एखादं झाड फुलू द्यायला सांगा.

१३. हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) भीमगडच्या जंगलातली झाडं तोडून आणली तर चालतील का?

नाही. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. तिथून परवानगीशिवाय पानही आणायचं नसतं, मग ते कॉलेजच्या कामासाठी का असेना. सहल असेल तर कॉलेज वनखात्याकडून आधी परवानगी काढतं. ती बघण्यासाठी असते, वेचण्यासाठी वेगळी लागते. याच जंगलातल्या बारापेडेच्या गुहांमधून राउटनच्या वटवाघळाची नोंद १९१३ मध्ये झाली आणि पुढे कित्येक दशकं जगात ते दुसरीकडे कुठे माहीतच नव्हतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. असं काही आपल्या तालुक्यात आहे हे खानापूरच्या मुलांनाही माहीत नसतं, म्हणून मी दर वर्षी सांगते.

हर्बेरियमला बांधावरची, परसातली, रस्त्याकडेची झाडं घ्या. फूल किंवा फळ असलेली डहाळी हवी. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वर वजन ठेवा आणि पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर चार दिवसांत बुरशी. कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, कुल, गाव, तारीख आणि गावात म्हणतात ते नाव लिहा. आजीला विचारून लिहिलेलं नाव खोडू नका. कारवी फुललेली सापडली तर तारीख नक्की लिहा, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते.

१४. दुपारचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावची शेवटची बस जाते. काय करू?

कणकुंबी, जांबोटी, नंदगडकडून येणाऱ्या मुलांची ही खरी अडचण आहे आणि मुलींची जास्त. बॅच पाडण्याआधी, म्हणजे जूनमध्येच, बसची वेळ लिहून अर्ज द्या आणि लवकरची बॅच मागा. वर्षाच्या मध्यात बदल करणं सरांनाही अवघड जातं. एखादं प्रॅक्टिकल बुडालंच तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करून घ्या, कारण त्यानंतर साहित्य आवरून ठेवलेलं असतं. मैत्रिणीच्या जर्नलमधून आकडे उतरवू नका. कारण सातव्या उत्तरात आहे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

१५. परीक्षेत मराठीतून उत्तर लिहिलं तर? आणि नीट मराठीतून देता येते ना?

पीयूला विज्ञानाची उत्तरं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येतात, मराठीत नाही. मराठी तुम्ही भाषा विषय म्हणून घेऊ शकता, जिथे शिकवतात तिथे. शास्त्रीय शब्द अडला तर नुसता मराठी शब्द लिहून सोडू नका. त्याचं कार्य साध्या इंग्रजीत लिहा आणि आकृती काढा.

नीटच्या भाषांत मराठी आहे, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बेळगावचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. अर्ज भरताना भाषा आणि केंद्र एकत्र विचारात घ्या. भाषांतरात गोंधळ वाटला तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. दोन वर्षं इंग्रजीत शिकून ऐनवेळी मराठी प्रश्नपत्रिका निवडू नये असं माझं मत आहे. तिथले मराठी शब्द तुम्ही शाळेत शिकलेल्यांपेक्षा वेगळेही असू शकतात.

१६. पदवी तीन वर्षांची की चार? कुठे करावी?

कर्नाटकात २०२१-२२ पासून चार वर्षांची रचना आली होती. २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी पुन्हा तीन वर्षांची पदवी आहे. बेळगाव जिल्ह्यातली कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुढे एम.एस्सी.साठी बरीच मुलं धारवाडला किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात. महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी तुमचं गाव यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. तो निकालाआधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ होते.

कॉलेज निवडताना एकदा लॅब बघून या. टेबलावरचे मायक्रोस्कोप वापरात दिसतात की कपाटात बंद आहेत, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

१७. मला रंग नीट ओळखता येत नाहीत. बायॉलॉजी सोडावं लागेल का?

नाही. पुष्कळ मुलांना हे बारावीच्या वयात, लिंगसंबद्ध आनुवंशिकतेचा धडा चालू असतानाच कळतं. वर्गासमोर कळलं तर वाईट वाटतं, म्हणून शिक्षकांनी वर्गात उठवून तपासू नये. बेनेडिक्ट चाचणीत विटकरी रंगाबरोबर गाळही तळाला बसतो, तो बघा. पानातल्या रंगद्रव्यांच्या क्रोमॅटोग्राफीत पट्ट्यांचा क्रम ठरलेला असतो. कॅरोटीन सर्वात वर, मग झँथोफिल, मग क्लोरोफिल ए आणि खाली बी. रंगाची पट्टी किती उंच चढली हे मोजपट्टीनं मोजता येतं. रंग जोडीदाराला विचारा आणि जर्नलमध्ये तसं लिहा.

१८. माझा प्रयोग चुकला. पुस्तकात वेगळं उत्तर आहे. जर्नलमध्ये कोणतं लिहू?

तुमचं. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग घ्या. लाळ पिष्टाचं विघटन करते. दर मिनिटाला एक थेंब आयोडीनमध्ये टाकत गेलं की निळा रंग फिका होत होत नाहीसा होतो. कुणाच्या पुस्तकात पाच मिनिटं लिहिलेली असतात. जानेवारीतल्या सकाळी बेळगावच्या लॅबमध्ये परीक्षानळी हातात गार लागते, अशा वेळी पंधरा मिनिटं झाली तरी निळा रंग जात नाही. अमायलेज शरीराच्या, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास चांगलं काम करतं. थंडीत ते मंद होतं, पण मरत नाही. उकळल्यावर मात्र ते कायमचं बिघडतं. एका मुलीनं नळी मुठीत धरून बसून पुन्हा वेळ मोजला आणि रंग लवकर गेला. तिनं दोन्ही वेळा लिहिल्या आणि शेजारी लॅबचं तापमान लिहिलं. त्या वर्षीच्या सगळ्या जर्नलांत ते पान मला सर्वात आवडलं.

रंग गेलाच नाही तर आधी लाळ किती पातळ केली होती, पिष्टाचं द्रावण ताजं होतं का, आयोडीनची बाटली कुठली घेतली, हे तपासा. काही सापडलं तर निरीक्षणाखाली ‘संभाव्य कारण’ म्हणून लिहा. काहीच सापडलं नाही तर जागा रिकामी ठेवा आणि जर्नल तसंच सहीला द्या.